बंद दगडखाणीच्या रस्त्याचं मॅपिंग, घाटकोपर-पवई डोंगर: प्रकल्प नोंदी

१२ एप्रिल २०२५, शनिवार

काम आजपासून सुरू. घाटकोपर ते पवई जी डोंगररांग आहे तिच्यातल्या एका बंद पडलेल्या दगडखाणीचा रस्ता, खालच्या गेटपासून वरच्या शेवटच्या बेंचपर्यंत (खाणीत कापलेल्या पायरीपर्यंत), सव्वा किलोमीटरच्या आसपास. रस्ता पुढे पक्का होणार आहे, बाजूने गटार जाणार आहे आणि खालच्या अंगाला वस्ती आहे, म्हणून कुठे कातळ, कुठे मुरूम, कुठे नुसती भरणी हे आधी कागदावर यायला हवं. खाण चालू होती तेव्हा डंपर जावा एवढाच या रस्त्याचा हेतू होता, त्याच्या कडेला कोण काय ओततंय याची नोंद कुणी ठेवली नाही.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा १:५०,००० चा नकाशा घरी रात्री परत बघितला. चांगला आहे, पण त्यावर १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवर ५० मीटर, आपला अख्खा रस्ता अडीच सेंटीमीटरात संपतो आणि सगळा एकाच रंगात. त्यातून एवढं कळतं की हा डेक्कन ट्रॅपचा बेसाल्ट, म्हणजे लाव्हा थंड होऊन झालेला काळा दगड आहे, थर पश्चिमेकडे कललेले आहेत आणि उत्तर-दक्षिण जाणारे डाइक (दगडाच्या फटीत रस शिरून गोठलेल्या उभ्या भिंती) आहेत. आपल्याला १:१००० वर काम करायचंय, म्हणजे कागदावरचा मिलिमीटर हा जमिनीवरचा मीटर.

पद्धत ठरली ती अशी: टेप लावून दर १० मीटरला कठड्यावर रंगाची खूण, सगळी निरीक्षणं चेनेजला, म्हणजे खालच्या गेटपासूनच्या मीटरमधल्या अंतराला बांधायची. फोनचं जीपीएस उंच फेसच्या (खाणीच्या कापलेल्या कड्याच्या) पायथ्याशी भलतीकडे उडी मारतं, त्यामुळे ते फक्त पडताळणीला, मुख्य आधार टेपच. ब्रंटन (कल मोजायचं होकायंत्र), हातोडा, श्मिट हॅमर (दगडाचा टणकपणा मोजायचं यंत्र), अ‍ॅसिडची बाटली, पाण्याची बादली. सोबत आमचा ज्युनियर, नुकताच एमएस्सी झालाय, हात सफाईदार आहे त्याचा. आणि फेसच्या खाली एकट्याने कुणीही जायचं नाही, हा नियम पहिल्या पानावर लिहून ठेवलाय.

१५ एप्रिल, मंगळवार

चेनेज ० ते १२०. वरवर बघितलं तर इथे काहीच नाही, लालसर माती आणि झुडपं, कुणीही "मुरूम" लिहून पुढे गेला असता. पण चेनेज ४० ला कुणीतरी पाण्याच्या पाइपसाठी जेसीबीने चर मारलाय, अडीच मीटरभर खोल, आणि त्या चराच्या भिंतीसमोर आम्ही दुपारपर्यंत बसलो.

वरून खाली असं दिसतं. आधी वीतभर क्रशरची (खडी फोडायच्या यंत्राची) डस्ट, राखाडी, डंपरच्या चाकांनी दाबून घट्ट झालेली. मग एक मीटरहून जास्त जाडीची भरणी: टाइलचे तुकडे, विटा, नायलॉनच्या गोणीचा कोपरा, धारदार कडांचे दगड, मध्ये मध्ये हात जाईल एवढ्या पोकळ्या. तिच्याखाली एक काळपट पट्टा, चार बोटं रुंद, त्यात बारीक मुळं अजून आहेत, मेलेली पण ओळखू येतात. आणि त्या पट्ट्याखाली खरा मुरूम. म्हणजे तो काळपट पट्टा ही खाण सुरू व्हायच्या आधीची जमीन, ज्यावर गवत उगवायचं ती, आणि त्याच्या वरचं सगळं माणसाने आणून टाकलेलं. मी ज्युनियरला म्हटलं, या चार बोटांचा फोटो स्केल लावून नीट घे, या सगळ्या कामात याच्यापेक्षा महत्त्वाची रेघ आपल्याला मिळेल असं वाटत नाही.

तो म्हणाला, "ताई, पण हा पट्टा दिसलाच नसता तर? मुरूम आणि भरणी वेगळी कशी काढायची?" बरोबर प्रश्न. आज ठरवलेलं उत्तर इथे लिहून ठेवते कारण पुढे हेच सगळीकडे लागणार. मुरूम म्हणजे जागच्या जागी कच्चा झालेला बेसाल्ट, त्यात मूळ दगडाचे सांधे (नैसर्गिक तडे) अजून दिसतात, एका रेषेत जातात, आणि मधले गोटे कांद्यासारखे पापुद्रे सोडत असतात, आत काळा टणक गाभा. सगळं एका सुरात झिजलेलं असतं, खाली जावं तसं हळूहळू टणक होत जातं. भरणीत तसं नसतं, ताजा खणखणीत दगड आणि नखाने उकरता येईल असा कच्चा दगड शेजारी शेजारी बसलेले असतात, प्रत्येकाचं तोंड वेगळ्या दिशेला. प्लास्टिक किंवा वीट सापडली तर उत्तमच, पण जुन्या भरणीत तेही नसतं कारण ती खाणीचीच वरची काढलेली माती असते, आणि फसवते ती तीच.

१९ एप्रिल, शनिवार

चेनेज १२० ते ३००, खरा कातळ. आजचा दिवस छान गेला.

इथे एकावर एक लाव्हाचे पातळ लोळ, म्हणजे एकेका वेळी वाहून गोठलेले थर आहेत, काही जेमतेम दोन मीटर जाडीचे. प्रत्येकाचा वरचा भाग भोकाभोकांचा, म्हणजे आपला मांजऱ्या दगड, भोकांत पांढरी झिओलाइट भरलेली आणि कडेने हिरवट सेलाडोनाइटचा लेप, दोन्ही खनिजं. पांढरं दिसलं की प्रत्येक वेळी अ‍ॅसिडचा थेंब टाकायचा, फसफसलं तर कॅल्साइट, नाहीतर झिओलाइट. मधला भाग घट्ट. आणि तळाशी, चेनेज १८५ ला, उभ्या नळ्या. पेन्सिलीच्या जाडीच्या, बोटभर लांब, ओळीने एकीला लागून एक. गरम लाव्हा ओल्या किंवा थंड जमिनीवर पसरला की तळातून वायू वर चढताना अशा नळ्या राहतात, म्हणजे ही रेघ म्हणजे एका लोळाचा तळ आणि दुसऱ्याचा माथा. वर टोकाला सगळ्या एकाच बाजूला किंचित वाकलेल्या आहेत, लाव्हा तेव्हा अजून हलत होता. मी भिंग लावून बघत राहिले. वय बघायला गेलं तर डेक्कन ट्रॅपचा मोठा उद्रेक साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, मुंबईतले हे थर त्यानंतरचे, ६.२ कोटींच्या आसपासचे, आणि त्या नळ्यांच्या कडा अजून इतक्या स्वच्छ.

डिप, म्हणजे थर किती अंश कललेत ते, घेतले. वेगवेगळ्या ठिकाणी १२ ते १६ अंश, सगळे पश्चिमेकडे. लोळांचे माथे खडबडीत असल्यामुळे एका रीडिंगवर भरवसा नाही, लांब पाटी धरून त्यावर ब्रंटन ठेवला आणि सरासरी १४ धरली. सह्याद्रीत घाटमाथ्यावर डेक्कन ट्रॅपचे थर जवळपास आडवे आहेत, किनाऱ्याकडे येताना पनवेल फ्लेक्शरमध्ये ते पश्चिमेला वाकतात, आणि मुंबईचे सगळे डोंगर त्या वाकलेल्या भागात बसलेत. पुस्तकात हे एका ओळीत असतं. पण रस्त्याच्या कामात हा १४ अंशांचा कल कुठल्या बाजूला आहे यावर सगळं अवलंबून. आज आम्ही डोंगराच्या पूर्वेच्या अंगावर होतो, इथे थर डोंगराच्या आत झुकतात, म्हणजे कापलेल्या फेसमधून थर घसरून रस्त्यावर येण्याची भीती कमी. डोंगराचं नाक (पुढे आलेली सोंड) ओलांडून पश्चिमेला गेलं की चित्र उलटं होणार.

२० एप्रिल, रविवार

ऊन असह्य, साडेदहाला थांबलो. फक्त श्मिट हॅमरची रीडिंग झाली. घट्ट बेसाल्टवर आणि मांजऱ्यावर फरक स्पष्ट. हातोड्याने पण कळतं, एक खणखणतो, दुसरा बद्द वाजतो. झिजेचे ग्रेड १ ते ६ असे प्रत्येक १० मीटरला लावलेत, १ म्हणजे ताजा, ६ म्हणजे पूर्ण माती.

२६ एप्रिल, शनिवार

चेनेज ३१० ला दोन लाव्हांच्या मध्ये तांबडा थर मिळाला, रेड बोल, ६० सेंटीमीटर जाड, ओला केला की बोटाला चिकटतो. एक लाव्हा थंड झाल्यावर पुढचा येईपर्यंत जो काळ गेला त्यात तयार झालेली माती आणि राख, वरून पुढच्या लाव्हाने भाजलेली. वरची कड विटेसारखी टणक, खालचा भाग मऊ. नकाशात जाड लाल रेघ.

त्यानंतर मोठा घट्ट बेसाल्ट, मुख्य खाण याच्यातच होती. आणि चेनेज ४५५ ला डाइक. उत्तर-दक्षिण, जवळपास उभा, चार मीटर रुंद, कडेला दोन बोटांएवढी काचेसारखी बारीक कणांची पट्टी, जिथे गरम रस थंड दगडाला टेकून पटकन गोठला. आतले सांधे आडवे, भिंतीला काटकोनात, त्यामुळे लांबून बघितलं तर कुणीतरी दगड रचून भिंत बांधली असं वाटतं.

आज खाणीत पूर्वी ड्रिल मारणारे एक काका भेटले, वस्तीतच राहतात, आम्हाला रोज वर जाताना बघत होते. त्यांना विचारलं, काका हा पट्टा खाणवाल्यांनी का सोडला? तर म्हणाले, "मॅडम, ह्याच्यात सुरुंग वाया जायचा. दगड फुटायचा पण लांबडा लांबडा, क्रशरला परवडत नव्हता. आणि ह्याच्या वरच्या अंगाला पाणी असायचं, मे महिन्यात पण भोक ओलं निघायचं." मी वहीत त्यांचं वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं, कारण डाइक पाणी अडवतो हे मला माहीत आहे पण या डाइकच्या वरच्या बाजूला मे मध्येही पाणी असायचं हे फक्त ज्याने तिथे ड्रिल मारलंय त्यालाच माहीत असणार. फेसवर त्यांच्या ड्रिलच्या अर्ध्या नळ्या अजून आहेत. जिथे नळी पूर्ण सरळ उरलीय तिथे मागचा दगड शाबूत, जिथे नळी दिसतच नाही आणि तडे सगळीकडे फाकलेत तिथे सुरुंग जास्त झालेला, तो भाग "स्फोटाने सैल" म्हणून वेगळ्या रेघांनी दाखवतेय. काकांनी न विचारता तीन जागा दाखवल्या जिथे पावसाळ्यात दगड सुटतात, तिन्ही आमच्या रेघांच्या आत होत्या.

३ मे, शनिवार

नाक ओलांडलं. चेनेज ६०० च्या पुढे रस्ता डोंगराच्या पश्चिम अंगावर.

चेनेज ६४० ला परत तांबडा थर. ज्युनियरने लगेच ३१० च्या थराला जोडणारी तुटक रेघ काढायला घेतली, दोन्ही लाल, दोन्ही तेवढेच जाड, मोह होतोच. मी म्हटलं थांब, आधी गणित. दोन्ही जागांत पूर्व-पश्चिम अंतर साधारण २०० मीटर, कल १४ अंश पश्चिमेकडे, म्हणजे २०० मीटरमध्ये तो थर साधारण ५० मीटर खाली गेलेला असणार. आणि रस्ता तर मधल्या अंतरात वर चढलाय. ३१० वाला थर इथे आपल्या पायाखाली खूप खोल गेला, हा वरचा दुसराच. त्याने स्वतः सेक्शन (जमिनीचा उभा छेद) काढून बघितला, पटलं त्याला. मग मोठा घट्ट बेसाल्ट या दोन लाल थरांच्या मध्ये नेमका बसतो, खाणीतही तसंच दिसतं. ही अशी गोष्ट जुळली की फार बरं वाटतं.

पण या थराची काळजी वाटते. इथे उतार पश्चिमेला, थरही पश्चिमेला, आणि रस्ता कापताना थराची खालची कड उघडी पडलीय. वर पाच-सहा मीटर घट्ट दगड, त्यात उभे सांधे, म्हणजे वरून पाणी सांध्यांतून सरळ खाली, आणि खाली हा मऊ थर ते पाणी पुढे जाऊ देत नाही. चिकण माती ओली झाली की तिच्यातलं घर्षण खूप उतरतं, मग १४ अंशांचा उतारही पुरू शकतो. पूर्वेच्या बाजूला असाच दगड, असाच थर, आणि तिथे मी निवांत डबा खाल्ला होता. ६४० ते ७१० च्या मध्ये आम्ही बसणार नाही असं ठरवलं.

८ मे, गुरुवार

या आठवड्यात वादळी पाऊस झाला, आज मुद्दाम सकाळी लवकर वर गेले. कोरड्या फेसवर जे दिसत नाही ते एका सरीनंतर दिसतं. ६४० ते ७१० मध्ये तांबड्या थराच्या बरोब्बर वर ओलीची आडवी रेघ, दोन ठिकाणी पाणी ठिबकत होतं. डाइकच्या वरच्या अंगाला, काका म्हणाले होते तिथेच, जमीन दबदबीत. आणि चेनेज ९०० नंतर रस्त्याच्या बाहेरच्या कडेला, जिथे आम्ही अजून पोचलो नव्हतो, पाणी साठलेलंच नाही, सगळं आत मुरलं. तिथे बोटभर रुंद भेग पण दिसली, रस्त्याला समांतर. तिच्या दोन्ही बाजूंना खिळे ठोकून अंतर मोजून ठेवलंय.

११ मे, रविवार

ऑफिसच्या लॅबमध्ये. फ्री स्वेल टेस्ट लावली होती ती आज वाचली. सोपी टेस्ट आहे, ४२५ मायक्रॉनच्या चाळणीखालची कोरडी माती दोन मोजपात्रांत प्रत्येकी १० ग्रॅम, एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल, २४ तास ठेवायचं. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात किती वर आली यावरून फुगवटा कळतो. ६४० च्या थराची माती पाण्यात चांगलीच फुगली, ३१० वाली त्यामानाने कमी. चेनेज ४० चा लाल मुरूम जवळपास फुगलाच नाही. म्हणजे रंगावरून काही सांगता येत नाही, लाल लाल सगळं सारखं नसतं, आणि नकाशात "लाल माती" असा एकच डबा केला असता तर हे तिन्ही त्यात गेले असते.

१७ मे, शनिवार

चेनेज ८८० ते ११००. या भागाबद्दल सविस्तर लिहायचंय.

इथे रस्त्याच्या बाहेरच्या बाजूला एक सपाट, छान रुंद मैदान आहे. मुलं क्रिकेट खेळतात, एका कडेला पत्र्याच्या दोन शेड झाल्यात. खालून, वस्तीतून बघितलं तर हा डोंगराचाच खांदा वाटतो, त्यावर झाडंही आहेत, सुबाभूळ आणि घाणेरी. पण सुबाभूळ पाच-सात वर्षांत एवढं वाढतं, झाडं आहेत म्हणून जमीन जुनी असं नाही.

गूगल अर्थवर मागची वर्षं लावून बघितली. जुन्या फोटोंत इथे मैदान नाहीच. तिथे उताराची घळ आहे, पावसाचं पाणी खाली नेणारा ओहोळ. मग दरवर्षी घळ वरून भरत येते, पांढुरका पट्टा पुढे सरकतो, आणि शेवटी ओहोळ दिसेनासा होतो. काकांना फोटो दाखवले तर म्हणाले, "हो, इथं आम्ही वरची माती टाकायचो, कच्चा दगड टाकायचो. खाण बंद झाल्यावर रात्रीचे डंपर यायचे, बिल्डिंगचं डेब्रिज." मी विचारलं, काका, दाबून टाकायचे का, रोलर वगैरे? ते माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "मॅडम, गाडी मागं घ्यायची आणि हौदा उचलायचा."

तीन खड्डे घेतले, जेसीबी अर्धा दिवस मिळाला. तिन्ही खड्ड्यांत तीन मीटरपर्यंत जुनी जमीन लागलीच नाही, तो काळपट पट्टा कुठेच नाही. थर आहेत पण ते डंपरच्या हौद्यातून घसरून बसलेले, बाहेरच्या बाजूला तिरके, एक थर डस्टचा, एक मोठ्या दगडांचा, एक मातीचा. दगडांच्या थरांत मोकळ्या पोकळ्या. मधल्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतलं, मोजायच्या आत नाहीसं झालं. आणि हे सगळं एका ओहोळाच्या तोंडात बसलंय. ओहोळ वरून दिसत नाही म्हणून पाणी यायचं थांबत नाही, ते आता भरणीच्या पोटातून जुन्या घळीच्या तळाने जातं.

मुंबईत हे नवीन नाही हेच वाईट वाटतं. जुलै २००० मध्ये घाटकोपरलाच डोंगराचा भाग वस्तीवर आला, साठहून जास्त माणसं गेली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, सगळ्यांना पूर आठवतो, पण त्याच दिवशी साकीनाक्याला दरड कोसळून गेलेली माणसं फार कमी जणांना आठवतात. दरड म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर मोठा काळा कातळ येतो. कातळ बहुतेक वेळा सांगून पडतो, आधी छोटे दगड सुटतात, तडा रुंदावतो, काकांसारखा माणूस बोट दाखवू शकतो. सैल माती आणि भरणी पाणी पिऊन जड होते आणि एकदम चिखल होऊन येते.

भूगर्भाच्या नकाशावर भरणी बहुतेकदा दाखवतच नाहीत, कारण ती "जिऑलॉजी" नाही, माणसाने टाकलेली आहे. मला हे आजिबात पटत नाही. पायाखाली काय आहे ते दाखवणं म्हणजे नकाशा, ते ६ कोटी वर्षांपूर्वी आलं की परवाच्या डंपरमधून आलं याने पावसाला फरक पडत नाही. आमच्या नकाशात भरणीला स्वतःचा रंग आणि स्वतःची जाडी असणार.

८ मे च्या भेगेच्या खिळ्यांमधलं अंतर ४ मिलिमीटरने वाढलंय.

१८ मे, रविवार

त्या ४ मिलिमीटरबद्दल काल रात्रीच फोन केले, आज लेखी पाठवलं: फोटो, चेनेज, खिळ्यांची दोन्ही मापं. रिपोर्ट जूनमध्ये जाणार आहे पण हे जूनपर्यंत थांबण्यासारखं नाही. शेडमध्ये राहणाऱ्यांशी पण बोललो. घाबरवायचं नव्हतं, म्हणून भेग दाखवली, खिळे दाखवले आणि जोराच्या पावसात रात्री इथे झोपू नका एवढं स्पष्ट सांगितलं. एक ताई म्हणाल्या, "मग जायचं कुठं?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, ज्यांच्याकडे असू शकतं त्यांना मेलमध्ये हेच वाक्य टाकलंय.

२६ मे, सोमवार

मान्सून आला! मुंबईत साधारण ११ जूनला येतो, हवामान खात्याने आजच जाहीर केलं, नोंदी ठेवायला लागल्यापासून इतक्या लवकर आलेला नाही म्हणतात. आमचं फील्ड ५ जूनपर्यंत धरलं होतं, ते इथेच थांबलं. चेनेज ११०० ते शेवटच्या बेंचपर्यंतचा भाग फोटोंवरून आणि १७ तारखेच्या धावत्या नोंदींवरून करावा लागणार, नकाशात तिथल्या सगळ्या रेघा तुटक राहतील, खाली तसं लिहिणार.

दुपारी काकांचा फोन आला. मैदानाच्या खालच्या टोकाला, वस्तीच्या जरा वर, जिथे कधी पाणी नसायचं तिथून गढूळ पाणी बाहेर येतंय. गढूळ म्हणजे आतून बारीक माती वाहून येतेय, स्वच्छ आलं असतं तर एवढी काळजी नव्हती. त्यांना बाटलीत भरून, वेळ लिहून ठेवायला सांगितलं आणि तिथून लांब राहायलाही. संध्याकाळी समजलं की शेडमधल्या लोकांना खालच्या शाळेत हलवलंय आणि मैदानाकडे जाणारा रस्ता दोरी लावून बंद केलाय. बरं झालं.

७ जून, शनिवार

आठवडाभर क्यूजीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशा काढायचं सॉफ्टवेअर. मूळ जागेवरचे पाच युनिट: मांजऱ्या लोळ, घट्ट बेसाल्ट, तांबडा थर, डाइक, मुरूम. आणून टाकलेले तीन: क्रशर डस्ट, खाणीची काढलेली माती, मिश्र डेब्रिज. ज्यांच्यासाठी काम करतोय त्यांच्याकडून सूचना आली की आणून टाकलेले तीन एकत्र करून फिक्या करड्यात दाखवा, नकाशा "स्वच्छ" दिसेल. मी नाही म्हटलं. नीट समजावून सांगितलं की डस्ट पाणी धरते, दगडांचा थर पाणी सोडतो, एकावर एक आले की मध्ये पाणी अडकतं, गटार कुठून न्यायचं हे ठरवणाऱ्या इंजिनियरला नेमका हाच फरक लागणार आहे. मान्य झालं. भरणी आता गडद जांभळी आहे आणि नकाशाकडे बघितलं की नजर पहिली तिथेच जाते, तशीच जायला हवी.

पश्चिम बाजूचा सेक्शन ज्युनियरने काढला, दोन्ही तांबडे थर, मधला बेसाल्ट, १४ अंश, उताराची रेघ आणि जिथे थर उघडा पडतो तिथे बाण. अतिशय देखणा झालाय, सही त्याचीच ठेवली.

१४ जून, शनिवार

नकाशा, सेक्शन आणि चेनेजनिहाय तक्ता दिला. सोबत कामाच्या क्रमाने चार गोष्टी लिहिल्या. ८८० ते ११०० वर नवीन वजन नको, शेड नको, रस्त्याची रुंदी बाहेरच्या अंगाला वाढवायची तर आजिबात नको, आधी ओहोळाचं पाणी भरणीच्या वरच पकडून बाजूने पक्क्या गटाराने खाली न्यायचं. ६४० ते ७१० ला तांबड्या थराची कड आणखी कापायची नाही, थराच्या वर आडवी भोकं मारून पाणी काढून द्यायचं. डाइकच्या वरच्या अंगाला चर. आणि पूर्वेच्या बाजूला सैल दगड उतरवून जाळी, ते शेवटी, पैसे कमी पडले तर तेच मागे ठेवा.

बैठकीत पहिला प्रश्न पूर्वेच्या काळ्या फेसबद्दलच आला, तो उंच आहे, भीतीदायक दिसतो. मी मैदानातल्या मधल्या खड्ड्याचा फोटो आणि त्याच्या शेजारी चेनेज ४० चा फोटो लावला. एकात काळपट पट्टा आहे, दुसऱ्यात तीन मीटरपर्यंत नाही. मग बराच वेळ त्यावरच बोलणं झालं.

पावसाळ्यासाठी मैदानावर उघड्या नळीचे दोन पिझोमीटर (जमिनीतल्या पाण्याची पातळी मोजायला) बसवायला मंजुरी मिळालीय, पाऊस दोन दिवस उघडला की ड्रिल वर चढेल, पण मैदानावर मशीन नेण्याआधी कडेपासून किती आत उभं करायचं हे मी स्वतः आखून देणार आहे. पाण्याची पातळी रोज वाचायचं काम काकांनी घेतलंय, टेप सोडून कशी वाचायची ते दाखवलं, दोनदा करून घेतलं. त्याचं मानधन कामाच्या खर्चात धरलंय. भेगेच्या खिळ्यांमधलं अंतर कालपर्यंत एकूण ९ मिलिमीटरने वाढलं होतं.